दिवे लावून लपणारा मासा

मुलांनो, मिठबावच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलीय कधी? जाळ्यात बांगडे, तारल्या कशा तडफडत असतात! पण आपल्याच अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, जेमतेम बोटाएवढा कंदील मासा राहतो. तो रापणीत सहसा सापडायचा नाही, कारण दिवसा तो 200-300 मीटर खोल असतो.

त्याच्या पोटावर बारीक दिव्यांच्या ओळी असतात. तुम्ही म्हणाल, अंधारात दिसावं म्हणून! तसं नाही बरं का. तिथे वरून अगदी अंधूक उजेड येतो. खालून पाहणाऱ्या शत्रूला माशाची काळी सावली दिसणारच. म्हणून हा पठ्ठ्या पोटाखालचे दिवे वरच्या उजेडाइतकेच पेटवतो, की सावली गायब!

शिवाय आपल्या समुद्रात त्या खोलीवर प्राणवायू फारच कमी. पुष्कळ मोठ्या माशांचा तिथे जीव गुदमरतो. हा मात्र निभावून नेतो. पण खायला हवं ना? मग अंधार पडला की झुंडीच्या झुंडी वर येतात आणि पाण्यातले बारीक जीव मटकावतात. वर कुपा नि माकुल टपलेलेच असतात, म्हणून उजाडायच्या आत पुन्हा खाली धूम!