जुना ऊद आणि सँडपेपरची घाई

कैरोच्या मोहम्मद अली रस्त्यावर वाद्यांची जुनी दुकानं आहेत. इस्तंबूल, दमास्कस आणि बगदादमध्येही ऊद हे तंतुवाद्य घडवणारे नामांकित कारागीर होऊन गेले. तिकडचा एखादा वापरलेला ऊद नवशिक्याच्या हाती येतो तेव्हा तो बहुधा मळकट, डागाळलेला असतो, एकदोन तारा तुटलेल्या असतात. त्याला पहिला सल्ला मिळतो तो हा: ‘आधी घासून जुनं पॉलिश काढ, मग जाडसर व्हार्निश मार. लाकूड मोकळं होईल, आवाज खुलेल.’

या सल्ल्याने आवाज खुलत नाही, जातो. तरीही तो इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की ऐकणारा त्याच संध्याकाळी सँडपेपर घेऊन बसतो.

उदाची तबली, म्हणजे समोरची सपाट फळी, बहुधा स्प्रूसच्या लाकडाची आणि साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची असते. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दोन मिलिमीटरची तबली घासून 1.7 मिलिमीटर झाली, तर गेली ती जाडी फक्त 15 टक्के. ताठपणा मात्र जवळपास 39 टक्क्यांनी घटतो. याच तबलीवर घोडी, म्हणजे तारा बांधायची पट्टी, नुसती चिकटवलेली असते आणि तारांचा सगळा ताण ती घोडी पेलते. अकरा तारांच्या उदात हा ताण 35 ते 40 किलोंच्या घरात जातो. कमजोर झालेली तबली घोडीपाशी खचू लागते. डाग गेल्याचा आनंद तोवर ओसरलेला असतो, आणि घासलेलं लाकूड परत आणता येत नाही.

दुसरी चूक व्हार्निशची. अनेक पारंपरिक उदांची तबली मुद्दामच कोरी ठेवलेली असते. ते काम अर्धवट राहिलेलं नसतं. पॉलीयुरेथेनचा जाड थर पातळ फळीचं वजन वाढवतो आणि तिचं कंपन दाबतो. तबली हलकी हवी ही आजकालच्या शौकिनांची कल्पना वाटत असेल, तर दहाव्या शतकातल्या बसऱ्याच्या ‘इख्वान अस्-सफा’ या विद्वानमंडळाचा संगीतावरचा प्रबंध पाहावा. उदाची तबली पातळ, कठीण, हलक्या आणि टिचकी मारताच घुमणाऱ्या लाकडाची असावी, असं त्यात सांगितलं आहे. हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट आजही डब्यातल्या व्हार्निशखाली गाडली जाते.

मग मळलेल्या तबलीचं काय करायचं? मऊ ब्रशने धूळ झाडायची आणि कोरडं कापड फिरवायचं. रीशा, म्हणजे वाजवायची लांब पट्टी, जिथे घासते तिथले ओरखडे राहू द्यायचे.

मागचा फुगीर भाग वेगळा. अक्रोड किंवा शिसवीसारख्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना जोडून तो केलेला असतो. इथे पॉलिश चालतं, पण आधीचं कशाचं आहे ते ओळखून. कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. चिकटपणा आला तर बहुधा लाखेचं पॉलिश आहे, आणि हे नवशिक्याचं नशीब. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, घासून काढायची गरजच उरत नाही. मिरजेत सतारीला ज्या चपडा लाखेचं पॉलिश होतं, तीच लाख इथे कामाची. हात अगदी पातळ द्यावेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘इपॉक्सी सगळ्यात मजबूत, म्हणून सगळ्यात चांगला.’ ऊद उघडून दुरुस्त करता यावा म्हणून त्याचे सांधे परंपरेने सरसाने जोडतात. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो. इपॉक्सीने बसवलेला सांधा उघडताना लाकूडच फाटतं.

‘गिटारच्या पोलादी तारा लावल्या तर आवाज मोठा होतो.’ साध्या पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचाच ताण 70 किलोंच्या आसपास असतो. उदाची घोडी उखडायला तेवढा पुरे.

‘खुंटी अडकली की तेल सोडावं.’ तेल लाकडात मुरतं आणि खुंटी पकडच सोडते. कोरडा साबण आणि खडू पुरतात.

‘तबलीला चीर म्हणजे ऊद मेला.’ कोरड्या हवेत लाकूड आकसून चिरा पडतात. आतून लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून त्या थोपवता येतात.

‘तारा उंच झाल्या तर घोडी घासावी.’ उंचीचं कारण बहुतेकदा पुढे झुकलेली दांडी असते. ते काम जाणत्या कारागिराचं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तबली बोटाने हलकेच ठोकून ऐकावी. आतली आधारपट्टी सुटली असेल तर खरखर ऐकू येते. मग तबलीच्या भोकावरच्या जाळीतून छोटा दिवा आणि आरसा आत घालावा. सुटलेली पट्टी दिसेल, जुनी दुरुस्ती दिसेल, कदाचित कारागिराची चिठ्ठीही दिसेल. ती चिठ्ठी इस्तंबूलच्या मानोल (1845–1915) यांची किंवा दमास्कसच्या नहात घराण्याची निघाली, तर सँडपेपर खाली ठेवून तो ऊद तसाच जाणकाराकडे न्यावा.