अक्कलदाढ काढण्याची पूर्वतयारी आणि नंतरची शुश्रूषा : दक्षिण व मध्य मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : अक्कलदाढ, रक्ताची गुठळी, ड्राय सॉकेट, मिश्री, घरगुती उपचार.

प्रस्तावना

मानवी जबड्यात सर्वात शेवटी येणारी तिसरी दाढ म्हणजे अक्कलदाढ होय. ती साधारणतः १७ ते २५ या वयात उगवते. हे वय समज येण्याचे मानले गेल्याने तिला हे नाव पडले. हेच महाविद्यालयीन शिक्षणाचेही वय असल्यामुळे या दुखण्याची झळ वर्गातील विद्यार्थ्यांना सर्वाधिक बसते. ऐन परीक्षेत गाल सुजणे, तोंड न उघडणे आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांवर दिवस काढणे, हे चित्र अध्यापकांना अपरिचित नाही. दाढ काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा तासाभराच्या आत संपते. परंतु जखम सुखाने भरून येणार की आठवडाभर वेदना सोसाव्या लागणार, हे बऱ्याच अंशी आधीच्या तयारीवर व नंतरच्या काही दिवसांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दोन्ही टप्प्यांचे कारणांसह विवेचन केले आहे.

दाढ काढण्याचा निर्णय

जबड्यात पुरेशी जागा नसल्यास अक्कलदाढ तिरपी किंवा आडवी अडकते. अर्धवट उगवलेल्या दाढेवरील हिरडीच्या झाकणाखाली अन्नकण साठतात व तेथे जंतुसंसर्ग होतो. असा संसर्ग वारंवार होणे, दाढ किंवा तिच्या शेजारची दाढ किडणे, अथवा गाठ तयार होणे ही दाढ काढण्याची प्रमुख कारणे होत. मात्र अडकलेली प्रत्येक दाढ काढलीच पाहिजे असे नाही. कोणताही विकार नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, अशी मार्गदर्शक सूचना ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० साली दिली होती.

गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील रहिवाशांना खासगी दवाखान्यांखेरीज दोन सार्वजनिक संस्था जवळच्या आहेत. मुंबई सेंट्रल येथील महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे.

पूर्वतयारी

पहिली पायरी म्हणजे संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र, अर्थात ओपीजी. खालच्या ओठाला संवेदना देणारी मज्जातंतू खालच्या दाढेच्या मुळांजवळून जाते. मुळे तिच्या फार जवळ असल्यास नंतर ओठ बधिर राहण्याचा धोका वाढतो. ही बधिरता बहुतेक वेळा तात्पुरती असते. तरीही रुग्णाला तिची कल्पना आधी दिली जाणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी म्हणजे आजारांची व चालू औषधांची संपूर्ण माहिती देणे. मधुमेह नियंत्रणात नसल्यास जखम उशिरा भरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत, कारण त्यामुळे हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा धोका उद्भवू शकतो. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते. हाडे ठिसूळ होण्यावरील काही औषधांमुळे जबड्याचे हाड भरून येण्यास अडथळा होतो. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक दक्षता हवी. डेंग्यूमध्ये रक्तातील प्लेटलेट कमी होतात. म्हणून ताप असताना, किंवा तो नुकताच उतरला असताना, रक्ततपासणीवाचून दाढ काढून घेऊ नये.

केवळ जागेवरची भूल द्यायची असल्यास रुग्णाने हलके खाऊन जावे. उपाशीपोटी गेल्यास भोवळ येऊ शकते. पूर्ण भूल द्यायची असल्यास मात्र साधारणतः सहा तास अन्न वर्ज्य असते. संकष्टी किंवा एकादशीचा कडक उपवास असलेला दिवस टाळणे श्रेयस्कर, कारण अनेक वेदनाशामके रिकाम्या पोटी बाधतात. परीक्षेपूर्वीचा आठवडा टाळावा, तसेच अनंत चतुर्दशीच्या लगतचे दिवसही टाळावेत. विसर्जनाच्या दिवशी लालबाग व गिरगावातील रस्ते वाहनांसाठी बंद असतात आणि रक्तस्राव झाल्यास रुग्णालय गाठणे कठीण होते.

रक्ताची गुठळी : सर्व सूचनांचे मूळ

दाढ काढल्यावर हाडात खळगा उरतो व तो रक्ताने भरतो. या रक्ताची गुठळी हाडाचे व उघड्या मज्जातंतूंचे आवरण बनते आणि तिच्याच आधारे नवे ऊतक तयार होते. ती निसटली किंवा अकाली विरघळली की हाड उघडे पडते. या स्थितीला ड्राय सॉकेट म्हणतात. दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ व तोंडाला दुर्गंधी ही तिची लक्षणे होत. शस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक सूचना या गुठळीच्या रक्षणासाठी असतात, हे ध्यानात घेतल्यास त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

अडचण अशी की, घरोघरच्या अनेक चांगल्या सवयी नेमक्या या गुठळीच्या विरोधात जातात. जेवणानंतर खळखळून चूळ भरणे हा एरवी उत्तम संस्कार. पण पहिले २४ तास तोच घातक ठरतो. रक्तमिश्रित लाळ वारंवार थुंकल्यानेही गुठळी हलते. गाल सुजला की वडीलधारी माणसे शेक देतात. परंतु पहिल्या दिवशी उष्णतेने रक्तस्राव व सूज वाढू शकते. शहाळ्याचे पाणी हितकर असले तरी ते नळीने ओढल्यास तोंडात पोकळी निर्माण होऊन गुठळी ओढली जाऊ शकते. म्हणून ते पेल्यात ओतून प्यावे.

मिश्रीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. कोकण व घाटावरून गिरण्यांत कामाला आलेल्या कुटुंबांबरोबर भाजलेल्या तंबाखूची ही पूड परळ-लालबागच्या चाळींत रुजली. बोटाने हिरड्यांवर मिश्री घासल्याने जखमेस थेट इजा होते. शिवाय निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. सुपारी व गुटख्याच्या सेवनाने तोंड उघडण्यावर मर्यादा आली असल्यास शस्त्रक्रियाच अवघड होते. दाढ काढल्यानंतर कित्येक आठवडे जखम भरून न आल्यास कर्करोगाच्या शक्यतेचीही तपासणी करून घेतली पाहिजे.

दिवसागणिक शुश्रूषा

पहिल्या दिवशी जखमेवरील कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा. भूल उतरेपर्यंत गरम चहा व चावून खाणे टाळावे, कारण बधिर ओठ किंवा जीभ नकळत चावली जाते. रुमालात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून थांबून थांबून लावावा. झोपताना डोके थोडे उंच ठेवावे. गर्दीच्या वेळचा लोकल प्रवास टाळावा.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून, ते पाणी तोंडात हळुवार फिरवून सोडून द्यावे. इतर दात नेहमीप्रमाणे घासावेत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व नंतर ओसरू लागते. तिला घाबरण्याचे कारण नाही. ४८ तासांनंतर शेक उपयुक्त ठरतो, कारण जबड्याचा ताठरपणा त्याने कमी होतो. आहारात पेज, मऊ वरणभात, मुगाची खिचडी व ताक असावे. चिवडा, चकली, तिळाची चटणी व दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी यांचे कण खळग्यात अडकतात. न विरघळणारे टाके बहुधा आठवड्याने काढले जातात.

वेदनाशमनासाठी पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन एकत्रितपणे अधिक परिणामकारक ठरतात, असा निष्कर्ष २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात नोंदला आहे. तथापि जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्याने वेदना थांबत नाही, उलट त्वचा भाजते. प्रतिजैविके प्रत्येकाला लागतातच असे नाही.

दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, ताप, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास, अथवा जिभेखाली कडकपणा आढळल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे. जिभेखाली पसरणारा संसर्ग श्वासमार्ग बंद करू शकतो.

एक प्रचलित गैरसमज

वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, या समजुतीपोटी अनेक जण दुखणे अंगावर काढतात. दातांची संवेदना व डोळ्यांची दृष्टी यांच्या मज्जातंतू पूर्णपणे वेगळ्या आहेत. नियमाने काढलेल्या दाढेचा दृष्टीशी संबंध नाही. धोका आहे तो संसर्ग वाढू देण्यात.

समारोप

अक्कलदाढेच्या बाबतीत अपाय अज्ञानापेक्षा अस्थानी केलेल्या सदिच्छेने अधिक होतो. चूळ, शेक व मीठपाणी हे उपाय चुकीचे नाहीत, त्यांची वेळ चुकते. खळग्यातील गुठळीचे कार्य विद्यार्थ्याला व त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांना एकदा समजले, की घरगुती शहाणपण व वैद्यकीय सूचना यांतील विरोध उरत नाही. वारंवार गाल सुजत असल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेची वाट न पाहता दंततपासणीस पाठविणे, ही अध्यापकाला सहज करता येण्याजोगी मदत होय.