हरवलं नव्हे, चोरलं

लेखमाला : परक्या गावी – लेखांक ७

स्वित्झर्लंडच्या दहा फ्रँकच्या नोटेवर १९९७पासून एका वास्तुरचनाकाराचा चेहरा होता. जाड काळ्या चौकटीचा चष्मा लावलेला हा माणूस म्हणजे ल कॉर्बुझिए. नोट उलटली की मागच्या बाजूला त्याने चंडीगडमध्ये उभारलेल्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या इमारतींचं चित्रण दिसायचं. ३० एप्रिल २०२१ला ही नोट चलनातून काढून घेतली गेली. तोवर चोवीस वर्षं युरोपात फिरणाऱ्या कितीतरी माणसांनी आपल्या देशातल्या या वास्तूचा तुकडा नकळत पाकिटात बाळगला.

ती नोट कुणी खिशातून काढून घेतली, तर नुकसान दहा फ्रँकचं. चोराने ती खर्च केली की प्रकरण संपलं. कार्डाचं तसं नसतं. कार्ड चोरीला गेलं त्या क्षणी नुकसान संपत नाही, तिथे ते सुरू होतं. गेल्या आठवड्यात आपण परदेशी चलनाविषयी बोललो. या आठवड्यात पाकीट मारलं गेल्यानंतरच्या तासांविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी मुद्दाम चंडीगड निवडलं आहे. परक्या शहरात चोरी झालेल्या माणसाला जो कायदा उपयोगी पडतो, त्याची बरीचशी गोष्ट इथेच वाचता येते.

आपल्याकडचे सहलवाले सिमला, अमृतसर, वैष्णोदेवीच्या वाटेवर चंडीगडला थांबतात. सुखना तलाव आणि रॉक गार्डन दाखवतात आणि पुढे निघतात. रॉक गार्डनला लागूनच, त्याच सेक्टर १मध्ये असलेलं कॅपिटल कॉम्प्लेक्स बहुतेकांचं राहून जातं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालय, विधानभवन आणि सचिवालय या तीन इमारती, आणि शिवालिकच्या टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर वाऱ्याबरोबर फिरणारं ‘खुला हात’ हे २६ मीटर उंचीचं शिल्प. २०१६मध्ये युनेस्कोने सात देशांतली कॉर्बुझिएची सतरा कामं एकाच नोंदीत जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात हेही आहे. पॅरिसमधलं ला रोश घर त्याच नोंदीत आहे.

इथे कुणालाही मनाला येईल तसं हिंडता येत नाही. ओळखपत्र दाखवून, नोंद करून, मार्गदर्शकाबरोबर आत जावं लागतं. परदेशी पाहुण्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. ३१ ऑगस्ट १९९५ला पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची याच सचिवालयाच्या दारात बॉम्बस्फोटात हत्या झाली. हा इतिहास माहीत असला की त्या कडक तपासणीचा राग येत नाही. पण प्रवाशाच्या दृष्टीने एक गोष्ट घडते. एरवी हॉटेलच्या तिजोरीत राहिला असता तो पासपोर्ट त्या दिवशी खिशात येतो. नोंदणीच्या टेबलापाशी बाहेर निघतो, गडबडीत परत पाकिटाशेजारी जातो आणि दिवसभर तिथेच राहतो. मग तोच प्रवासी रॉक गार्डनमध्ये शिरतो. ही बाग उभारणाऱ्या नेक चंद यांनी तिथल्या कमानी मुद्दाम ठेंगण्या केल्या आहेत. प्रत्येकाला वाकूनच आत जावं लागतं. वाकलं की मागच्या खिशातलं पाकीट पँटच्या कापडावर उठून दिसतं, आणि मागून येणारा माणूस हातभर अंतरावर असतो. तिथे चोऱ्या होतात असं मला म्हणायचं नाही. जगातली कुठलीही गर्दीची जागा खिसेकापूला काय देते, ते तिथे स्वतःच्या अंगावर कळतं, एवढंच.

खिसेकापूला अंधार लागत नाही. त्याला आपलं लक्ष दुसरीकडे हवं असतं. पॅरिसमध्ये कुणी सह्यांचा कागद पुढे करतं, कुणी अंगावर सांडलेलं पुसायला धावतं, कुणी मेट्रोचं दार लागता लागता वाटेत अडखळतं. एकजण थांबवतो, दुसरा काढतो, तिसरा घेऊन जातो. ज्याचा संशय येतो त्याच्याकडे काहीच सापडत नाही, कारण माल केव्हाच दुसऱ्या हाती गेलेला असतो. हा उपद्रव किती मोठा असावा? १० एप्रिल २०१३ला लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून काम थांबवलं आणि संग्रहालय बंद राहिलं. २२ मे २०१५ला त्याच कारणाने आयफेल टॉवरची दारं काही तास उघडली नाहीत. चोर तिथल्या कर्मचाऱ्यांनाही धमकावत होते. जिथे रोज काम करणारी माणसं हतबल होतात, तिथे पहिल्यांदाच गेलेल्या आपल्या माणसाचं पाकीट गेलं, तर त्यात त्याचा बावळटपणा कुठला?

तरीही आपल्याला लाज वाटते. आजच्या लेखात मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते या लाजेविषयीच. मराठी माणूस चोरीनंतर पहिलं वाक्य बोलतो ते बहुधा ‘पाकीट कुठेतरी पडलं वाटतं’. घरी फोन करताना ‘हरवलं’ म्हणतो. सहलीतल्या इतरांना तर सांगतच नाही. त्यांच्या आनंदावर विरजण नको आणि ‘तुम्हाला सांगितलं होतं ना’ हेही ऐकायला नको. आधी बॅग उपसतो, मग हॉटेलची खोली. तासन्तास असेच जातात. हेच तास चोराला हवे असतात.

त्या वेळात कार्डाचं काय होतं? युरोपात बहुतेक दुकानांत ५० युरोपर्यंतची खरेदी कार्ड नुसतं टेकवून होते, पिन विचारला जात नाही. भारतात ही मर्यादा २०२१पासून ५,००० रुपये आहे. त्याहून मोठा धोका ऑनलाइन खरेदीचा. आपल्याकडे बहुतेक ऑनलाइन खरेदीला ओटीपी येतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर भागतं. हे सगळं कार्डावरच छापलेलं असतं. आणि एटीएमपाशी खांद्यावरून पिन पाहून मग पाठलाग करून कार्ड मारलं असेल, तर खात्यातली रोकडही जाते.

यावर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक प्रत्येक खातेदाराने समजून घ्यावं असं आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ती मर्यादित : साध्या बचत खात्याला १०,००० रुपये, पाच लाखांवर मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला २५,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण म्हणेल तसं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहकाचा हलगर्जीपणा होता असं म्हणायचं असेल तर तो बँकेने सिद्ध करायचा. पिन कागदावर लिहून त्याच पाकिटात ठेवला असेल, तर मात्र तो हलगर्जीपणा ठरतो आणि कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी येतं.

म्हणजे आपल्या लाजेची किंमत इथे रुपयांत ठरवून ठेवली आहे. तिसऱ्या दिवशी सांगणारा आणि आठव्या दिवशी सांगणारा, दोघांचं कार्ड एकाच चोराने मारलेलं असलं तरी.

आता दुसरा शब्द, तो पोलिसांच्या कागदावरचा. ठाण्यात गेलं की ‘हरवल्याची नोंद’ पटकन होते. ती सोपी असते. तपास करावा लागत नाही, आकडेवारीत गुन्हा दिसत नाही. पुष्कळ प्रवासी त्यावर समाधान मानतात, कारण गाडी पकडायची असते. पण प्रवासविम्यात चोरी आणि गहाळ होणं यांचे नियम अनेकदा वेगळे असतात, आणि बँकेशी वाद झाला तर ‘माझं कार्ड चोरलं गेलं’ याला लेखी आधार लागतो. स्वतःच्या तोंडाने ‘गहाळ’ लिहून दिलेल्या माणसाचा दावा पहिल्याच पायरीवर अडतो.

म्हणून कायद्यातली नेमकी भाषा माहीत असावी. १ जुलै २०२४पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३मध्ये चोरी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ३०४मध्ये हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा आहे. दंडसंहितेच्या मूळ मजकुरात तो नव्हता. हरियाणाने तो स्वतःच्या दुरुस्तीने, ३७९-अ या कलमाने, गेल्या दशकात आणला होता आणि त्याला किमान पाच, कमाल दहा वर्षं सक्तमजुरी ठेवली होती. हरियाणाची विधानसभा भरते ती याच कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या विधानभवनात, आणि त्या कलमाखालची अपिलं चालली ती समोरच्या उच्च न्यायालयात. नव्या संहितेतली हिसकावण्याची व्याख्या त्या कलमाशी जवळजवळ शब्दशः जुळते, शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंतच आहे.

शिक्षा कमी झाली म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला त्याहून कलम ११२ महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या विषयाचं नाव घेऊन बोलतं. टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांचं हे कलम आहे. त्यातल्या चोरीच्या स्पष्टीकरणात पाकीटमारीचा आणि कार्डाची माहिती यंत्राने चोरून केलेल्या चोरीचा थेट उल्लेख आहे. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात. थांबवणारा, काढणारा आणि घेऊन जाणारा ही साखळी कायद्याने एकदाची ओळखली. पण ते कलम लागायचं तर आधी गुन्हा नोंदवला गेला पाहिजे, आणि एकट्या माणसाचं काम नव्हतं हे तक्रारीत आलं पाहिजे. ‘मागून धक्का बसला, त्याच वेळी पुढे एकाने रस्ता विचारला’ एवढे दोन तपशीलही उपयोगाचे असतात. दहा वर्षांची शिक्षा कागदावर असण्यापेक्षा प्रत्येक चोरीची चोरी म्हणून नोंद होणं मला जास्त मोलाचं वाटतं.

ती नोंद आता परगावच्या माणसाला पूर्वीपेक्षा सोपी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. चंडीगडला पाकीट गेलं आणि अंबाल्याला पोचल्यावर लक्षात आलं, तरी अंबाल्याचं ठाणं ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. ३ डिसेंबर २०२४ला पंतप्रधानांनी चंडीगडमध्येच या दोन संहितांसह तीन नव्या फौजदारी कायद्यांची अंमलबजावणी राष्ट्राला अर्पण केली. हे कायदे पूर्णपणे अमलात आणणारी देशातली पहिली जागा म्हणून चंडीगडचं नाव तेव्हा घेतलं गेलं. तिथे पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने झिरो एफआयआर हा शब्द बिनदिक्कत उच्चारावा.

परदेशात आपला कायदा चालत नाही, पण क्रम तोच. आधी कार्ड बंद, मग पोलीस, मग दूतावास. पासपोर्ट गेला असेल तर स्थानिक पोलिसांची तक्रार दाखवून भारतीय वकिलातीतून नवा पासपोर्ट किंवा फक्त मायदेशी परतण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र मिळतं. उलट बाजूने, कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहायला आलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट गेला, तर त्याला त्याच्या देशाच्या वकिलातीचा नवा कागद मिळूनही भारतातून बाहेर पडायला परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. तुमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यावर ही वेळ आली तर त्याच्याबरोबर ठाण्यात जा. मराठी, हिंदी, पंजाबी कळत नसलेल्या माणसाच्या तक्रारीत ‘चोरी’ हा शब्द लिहिला गेला की नाही, ते त्याला एकट्याला कळणार नाही.

आपल्या आज्या काशीला निघताना लुगड्याच्या कनवटीला थोडे पैसे, कमरेच्या कशात थोडे, आणि गाठोड्यात तळाशी थोडे ठेवत. आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा शिवलेला असे. सगळं एका जागी ठेवायचं नाही, ही रीत कार्डांच्या काळातही तितकीच खरी आहे. एक कार्ड अंगावर, दुसरं खोलीत. फोनच्या मागच्या कव्हरात कार्ड मुळीच नको, कारण फोन गेला की कार्ड बंद करायचं साधनही त्याच्याबरोबर जातं. जानेवारी २०२०च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे प्रत्येक कार्डावरचे परदेशी, ऑनलाइन आणि टेकवून करायचे व्यवहार आपल्याला स्वतः चालू-बंद करता येतात, त्यांची मर्यादा ठरवता येते. खोलीत ठेवलेल्या कार्डावरचं सगळं बंद असू द्या. परदेशात रोमिंगअभावी एसएमएस येत नसतील, तर व्यवहारांची सूचना ईमेलवर येते आहे ना, ते निघण्यापूर्वी तपासा.

आणि वाचकहो, एक काम हा अंक खाली ठेवण्याआधी करा. कार्डाच्या मागे छापलेला १८००ने सुरू होणारा क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही. बँकेचा परदेशातून लावायचा, ९१ने सुरू होणारा वेगळा क्रमांक असतो. तो शोधून वहीच्या कागदावर लिहा, एक प्रत बॅगेत ठेवा आणि एक घरी राहणाऱ्या माणसाकडे द्या. भारतात असाल तर खात्यातून पैसे गेल्यावर लावायचा क्रमांक १९३० आहे.