नेर येथील अध्यक्षपदाची निवडणूक व तिचे कागद

नेर या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यांतील नेर पिंगळाई वेगळें, धुळ्याजवळचें नेर वेगळें. प्रस्तुत लेखांतील नेर तें यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील, पूर्वी दारव्हा तालुक्यांत मोडणारें व 'नेर परसोपंत' म्हणून ओळखिलें जाणारें होय. जुने कागद लावतांना या गांवांची गल्लत होते, म्हणून आरंभींच हा खुलासा. आज नेर हें स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण असून तेथील नगरपरिषद 'नेर-नबाबपूर' या जोडनांवानें चालते.

या नगरपरिषदेच्या अध्यक्षाची निवडणूक हा विषय मोडी दप्तरें धुंडाळणाऱ्या वाचकांस प्रथमदर्शनीं उपरा वाटेल. आमच्या मतें तो तसा नाहीं. गांवांत मुख्य कोण, या प्रश्नाचें उत्तर पूर्वीं वतनाच्या कागदांत असे. पाटीलकीचा तंटा पडला म्हणजे गोत बसे, साक्षी होत, महजर होई. आणि त्या महजरावरून आज आपण घराण्याची वंशावळ, शेताच्या चतुःसीमा व बलुतेदारांचीं नांवें वाचतों. निवडणुकींत तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो व दर वेळीं नवे कागद निपजतात. भेद इतकाच कीं, महजर वतनदारानें पेटींत जपला. निवडणुकीचा कागद निकालानंतर रद्दींत जातो.

वतनाकडून मताकडे हा प्रवास वऱ्हाडांत सावकाश झाला. १८८५ च्या कायद्यानें ग्रामीण बोर्डें व १८८६ च्या कायद्यानें नगरपालिका यांची सोय झाली. नेराचा जिल्हा त्या वेळीं वणी या नांवाचा होता. यवतमाळ हें नांव त्यास १९०५ सालीं मिळालें. १९४८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत तालुकावार जनपद सभा आल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि जनपदें संपलीं. जनपदांचें आयुष्य अवघें १४ वर्षांचें. म्हणूनच त्यांचे कागद संग्राहकानें विशेष जपावे.

पदांच्या नांवांविषयीं येथें सावध असावें. महापौर हा महानगरपालिकेचा. नेरासारख्या गांवीं नगराध्यक्ष, खेड्यांत सरपंच. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आजही सभासदच निवडतात. नगराध्यक्षाचें तसें नाहीं. त्याच्या निवडीची रीत वारंवार पालटली. १९७४ सालीं तो थेट मतदारांनीं निवडला; पुढें ती रीत मोडली. २००१ सालीं ती परत आली, २००६ सालीं गेली, २०१६ सालीं पुन्हा आली, २०२० सालीं रद्द झाली व २०२२ सालीं फिरून लागू झाली. २०२५ च्या डिसेंबरांतील राज्यभरच्या नगरपरिषद निवडणुका याच थेट रीतीनें झाल्या. संशोधकास या येरझारीचें महत्त्व असें : अध्यक्ष सभासदांनीं निवडला कीं सारा मामला सभेच्या इतिवृत्तांत चार ओळींत आटोपतो, व आधीं झालेली खरी बोलणीं कागदावर येतच नाहींत. थेट निवडणुकींत उमेदवारास गांवभर हिंडावें लागतें. मग पत्रकें, आवाहनें, जाहीरनामे, मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघर पसरतात.

सर्वांत मोलाचा कागद मात्र उमेदवारी अर्ज. त्यासोबतच्या शपथपत्रांत मालमत्ता, कर्ज, शिक्षण व न्यायालयांतील खटले लिहावे लागतात. कैफियतींत वतनदार स्वतःविषयीं सांगे त्याहून हें कांहीं बाबतींत अधिक उघडें आहे. (दोन्हींत लिहिणारा आपली बाजू सांभाळूनच लिहितो, हें विसरूं नये.) जागा राखीव असल्यास २००० सालच्या कायद्याप्रमाणें जातीच्या दाखल्याची पडताळणी होते. मग अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वींचा पुरावा शोधावा लागतो. आणि येथें निवडणूक थेट आमच्या वाचकांच्या दारीं येते. आजोबांच्या शाळेचा दाखला, पटवाऱ्याचें दप्तर, कोतवालानें लिहिलेली जन्ममृत्यूची नोंदवही यांच्या नकला काढाव्या लागतात, व नोंद मोडींत निघाली तर वाचणारा हुडकावा लागतो. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधांत मोडी वाचकांची गरज साऱ्या महाराष्ट्रानें पाहिली. एका जीर्ण वहीचें पान फाटलें तर एखाद्याचा हक्क बुडतो, इतकी ही गोष्ट जिव्हाळ्याची आहे.

मतदानाचे सरकारी कागद ठराविक मुदत मोहोरबंद ठेवून नंतर नष्ट करितात. तें गुप्त मतदानाच्या दृष्टीनें योग्यच आहे. मतदान आतां यंत्रावर होत असल्यानें मतपत्रिकाही मतदाराच्या हातीं येत नाहीं. तेव्हां उरतात तीं छापील पत्रकें, प्रसिद्ध झालेल्या मतदारयाद्या व प्रभागांच्या सीमांच्या जाहीर सूचना. हे कागद जमवितांना मुद्रकाचें नांव असलेली तळची ओळ कापूं नये, मिळाल्याची तारीख पाठीमागें शिसपेन्सिलीनें टिपावी, आणि गांवाचें नांव नुसतें 'नेर' न लिहितां 'नेर परसोपंत, जिल्हा यवतमाळ' असें पुरें लिहावें.