घरातली बाई ‘गॅस झालाय’ म्हणते तेव्हा...

चाँदरात होती. शीरखुर्म्यासाठी बदाम सोलणं, मुलांच्या कपड्यांना इस्त्री, मेंदीचे कोन, अशी घरभर गडबड सुरू होती. माझी मोठी खाला मात्र संध्याकाळपासून गप्प होती. गळ्याशी जळजळ, मळमळ, जबडा जड. कपाळावरचा घाम पाहून मी विचारलं, तर म्हणाली, “कुछ नहीं बेटा, गॅस है.” सोडा प्यायली, पित्ताची गोळी घेतली आणि पुन्हा शेगडीपाशी जाऊन उभी राहिली. रात्रभर ती उशीला टेकून बसून होती, हे आम्हाला नंतर कळलं. सकाळी पुरुष मंडळी ईदगाहवरून परतली, तेव्हा तिला एक वाक्यही सलग बोलता येत नव्हतं.

दवाखान्यात ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका आदल्या संध्याकाळीच सुरू झाला होता. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. अँजिओप्लास्टी झाली आणि अलहम्दुलिल्लाह, जीव वाचला. पण मधल्या चौदा-पंधरा तासांत हृदयाचा जो भाग निकामी झाला, तो परत आला नाही. निरोगी माणसाच्या हृदयाचं पंपिंग साधारण 55 ते 70 टक्के असतं, खालाचं 35 निघालं. आता जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबते. डॉक्टरांनी विचारलं, “रात्रीच का नाही आणलंत?” आम्ही खाली मान घातली. खाला म्हणाली, “ईदच्या दिवशी सगळ्यांना कशाला त्रास?”

मी भाषेची शिक्षिका, डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते प्रत्येक घरात माहीत असावं म्हणून लिहिते आहे.

लक्षणं ओळखा

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. पुढचा स्नायू मरू लागतो. म्हणून इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं वाटणं, डाव्या हाताकडे जाणारी कळ, ही लक्षणं आपण ऐकलेली असतात. स्त्रियांमध्येही छातीतलं दुखणं हेच सर्वाधिक आढळतं. पण त्यांच्यात दम लागणं, मळमळ, पाठीत, मानेत किंवा जबड्यात दुखणं, दरदरून घाम, कारण नसताना गळून जाणं हेही बरेचदा दिसतं. मधुमेह जुना असेल तर दुखणं अगदी सौम्य असू शकतं, कधी जाणवतही नाही. खालाला बारा वर्षांपासून मधुमेह होता.

‘आमच्या घरात एवढ्या लवकर कुणाला होत नाही’ या भ्रमातही राहू नका. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, भारतासह दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, असं दिसलं. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि सुटलेलं पोट ही त्यातली मोठी कारणं. मिसरी हीसुद्धा तंबाखूच आहे, हे आपल्या आजी-नानींना सांगावं लागेल.

उशीर कुठे होतो?

बहुतेकदा आपल्या उंबरठ्याच्या आत. नवऱ्याच्या छातीत दुखलं की बाई शेजाऱ्यांना हाक मारते. स्वतःच्या दुखलं की आधी स्वयंपाक उरकते. दुसरी अडचण संकोचाची. ईसीजीसाठी छाती उघडावी लागते आणि समोर पुरुष असेल तर? स्त्री कर्मचारी मागा, अंगावर चादर मागा, घरची बाई सोबत ठेवा. हे मागण्यात काही गैर नाही. पण स्त्री कर्मचारी नसेल तर थांबू नका. गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्याची मुभा उलमांनी दिलेलीच आहे.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो. हजरत साद (रजि.) आजारी असताना प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना भेटायला गेले, हृदयाचा विकार असल्याचं सांगितलं आणि हारिस बिन कलदा या वैद्याकडे जायला सांगितलं. दुआ करावी आणि वैद्याकडेही जावं, ही आपली रीत आहे.

त्या वेळी काय कराल?

लक्षणं काही मिनिटांत थांबली नाहीत, किंवा घाम आणि दम सोबत असेल, तर 108 ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, जिना चढवू-उतरवू नका, दुचाकीवर बसवू नका. अर्धवट बसवून ठेवा, कपडे सैल करा. अ‍ॅस्पिरिन फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच चघळायला द्या. जिभेखालची गोळी दुसऱ्याच्या डब्यातून काढून देऊ नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो.

दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे धोका टळला असं नाही. तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन काही तासांनी परत तपासतात. इकोमधून पंपिंग कळतं, अँजिओग्राफीतून अडथळा नेमका कुठे आहे ते दिसतं. वाहिनी पूर्ण बंद असेल तर ती लगेच अँजिओप्लास्टीने उघडणं उत्तम. तशी सोय जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, आणि ते जितकं लवकर तितकं गुणकारी. खर्चाच्या धास्तीनेही थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही येतात. शिधापत्रिका आणि आधारकार्ड एका पिशवीत तयार ठेवा.

घरी आल्यावर

खरी परीक्षा इथून सुरू होते. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ‘आता बरं वाटतंय’ हे गोळ्या थांबवण्याचं कारण नव्हे, त्या गोळ्यांमुळेच बरं वाटत असतं. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘ब्लॉकेज विरघळवणाऱ्या’ काढ्यांवर विसंबू नका. दिवसाला मीठ एक छोटा चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचं-पापडातलं मीठही त्यात धरा. डॉक्टरांनी सांगितल्यावर रोज अर्धा तास चाला.

आणि रमजान. रजब-शाबानमध्येच डॉक्टरांना भेटून गोळ्या सहरी-इफ्तारला बसवता येतील का, रोजे झेपतील का, हे विचारा. नुकताच झटका येऊन गेलेल्यांना डॉक्टर सहसा नाहीच म्हणतात. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेताना मनात अपराधी भाव कशाला?

यंदा खालाने रोजे ठेवले नाहीत, फिदिया दिला. पहिल्या दिवशी ती रडली. मग रोज इफ्तारच्या वेळी दस्तरखानापाशी बसून लहानग्यांना दुआ शिकवू लागली. चाँदरातीला शीरखुर्मा आम्ही मुलींनी केला. मध्येच ती हळूच म्हणाली, “थोडी घबराहट होतेय.” माझ्या भावाने एक शब्दही न विचारता गाडी काढली. ईसीजी पूर्वीसारखाच होता, ट्रोपोनिन दोन्ही वेळा ठीक आलं, पहाटे आम्ही घरी परतलो. “उगाच त्रास दिला सगळ्यांना,” ती म्हणाली. भाऊ हसला, “खालाजान, असा त्रास दरवर्षी द्या.”