मेंदूतले वलय

हाताला किंवा तोंडाच्या एका बाजूला आकडी येते, काही मिनिटांत थांबते आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा बोलू-चालू लागतो. शिरेतून औषध सोडून डोक्याचा सीटी स्कॅन केला, की मेंदूच्या पृष्ठभागालगत एक लहान पांढरे वलय दिसते. मध्ये काळे, भोवती सुजेची छाया. भारतातल्या मेंदूविकार विभागांत हे चित्र नित्याचे आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे संरक्षक कुंपण त्या जागी फुटले असून औषध बाहेर झिरपले आहे, एवढेच वलय सांगते. कुंपण फोडणारा पट्टकृमी असू शकतो, क्षयाचा जंतू, पुवाचे गळू, दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग किंवा मेंदूतच उपजलेला ग्लायोमाही. चित्र सारखे, उपचार मात्र एकमेकांपासून कोसो दूर. म्हणूनच आपल्याकडे वलय दिसताच ‘ट्यूमर’ हा शब्द उच्चारण्याची घाई घातक ठरते.

तपासण्यांचा इतिहास थोडक्यात असा. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासण्याची रीत क्विंके यांनी 1891 मध्ये वर्णिली. मोनिझ यांनी 1927 मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या रुग्णालयात झाला आणि 1979 मध्ये या तंत्रासाठी हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. एमआरआय त्यानंतर आला.

सीटी येण्यापूर्वी मुंबईत झालेले एक काम मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे. के. ई. एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद होमी दस्तूर आणि मेंदूविकारतज्ज्ञ अनिल देसाई यांनी 1965 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मेंदूतील क्षयगाठी आणि ग्लायोमा यांच्या प्रत्येकी 107 रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. क्षयगाठीच्या शंभरावर नोंदी ग्लायोमाच्या बरोबरीने मांडता येणे, यातच त्या काळच्या मुंबईचे आरोग्य दिसते. मेंदूतील गाठीचा विचार करताना भारतीय डॉक्टरांच्या मनात क्षय अग्रभागी राहिला, तो या अनुभवातूनच.

पुढे याच अनुभवाने चकवले. सीटी स्कॅन गावोगावच्या रुग्णांपर्यंत पोहोचला, आकडी येणाऱ्या तरुणांमध्ये लहान वलये सापडू लागली आणि ती क्षयगाठी मानून महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली गेली. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तर वलय नाहीसे. औषधाला यश आले असे वाटे. पण केवळ आकडीची गोळी घेणाऱ्यांचीही वलये विरत होती! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील वेदांतम राजशेखर आणि मॅथ्यू चँडी यांनी अशा लहान वलयांचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुतेकांत सापडला तो पट्टकृमीच्या अळीचा अवशेष. त्यांनी 1993 च्या सुमारास मांडलेले निकष आजही वापरात आहेत: वलय एकच, 20 मिलिमीटरपेक्षा मोठे नाही, सुजेमुळे मेंदूची मध्यरेषा सरकलेली नाही, रुग्णाला आकडी आहे, पण कवटीतला दाब वाढल्याची लक्षणे किंवा वाढत जाणारा लुळेपणा नाही, आणि अंगात दुसरा सक्रिय आजार नाही. स्कॅनइतकाच रुग्णही नीट पाहायला लावणारे हे निकष भारतीय वैद्यकाची मोठी देणगी आहेत.

हा जंत मेंदूत जातो कसा, याबद्दल गैरसमज फार. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतली अळी येते ती त्या कृमीच्या अंड्यांतून, आणि अंडी येतात कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांवरून, मैलापाण्यावर वाढलेल्या पालेभाजीवरून, दूषित पाण्यातून. त्यामुळे आयुष्यभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होतो. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी आकडी येऊ लागली, तेव्हा लष्करी डॉक्टर मॅकआर्थर यांनी 1930 च्या दशकात त्यामागची हीच अळी ओळखली. डिक्सन आणि लिप्सकोम यांनी 1961 मध्ये अशा 450 रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. संसर्गानंतर लक्षणे दिसेपर्यंत बरेचदा काही वर्षे उलटलेली असत.

एवढा काळ अळी गप्प राहते, कारण जिवंत असताना ती शरीराच्या प्रतिकाराला चुकवते. ती मरू लागली की सूज येते आणि वलय उमटते. नंतर ती आक्रसते आणि शेवटी चुन्याचा ठिपका उरतो. उपचाराची आखणी याच क्रमाने होते. आकडीचे औषध प्रत्येकाला, सुजेसाठी स्टेरॉइड, आणि योग्य रुग्णाला अल्बेंडाझोल, सहसा दर किलो वजनाला दिवसाकाठी 15 मिलिग्रॅम. आधी डोळे तपासावे लागतात. डोळ्यात अळी असेल तर औषधाने उठलेली सूज दृष्टी घालवू शकते. मेंदूभर असंख्य अळ्या आणि तीव्र सूज असेल, तर कृमिनाशक टाळतात.

क्षयगाठ बहुधा अधिक मोठी, वेडीवाकडी, दोन-चार एकत्र मिसळलेली असते. छातीत क्षय सापडल्यास निदानाला बळ मिळते. औषधे किमान वर्षभर चालतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत गाठ काही काळ वाढूही शकते. त्या वेळी उपचार सोडणे धोक्याचे. क्षयाच्या मेंदूज्वरात पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट आणि प्रथिने वाढतात, साखर घटते. व्हिएतनाममधील 545 रुग्णांच्या 2004 च्या अभ्यासात औषधांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची जोड दिल्याने मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांवरून 32 टक्क्यांपर्यंत उतरले.

पुवाच्या गळूला एमआरआयची डिफ्यूजन तपासणी पकडते: दाट पू तेथे पांढरा चमकतो, तर ग्लायोमाचा सडलेला गाभा सहसा काळा राहतो. कान, दात, हृदय यांतून आलेला संसर्ग शोधून पू काढतात आणि अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे देतात.

जाड, ओबडधोबड, आठवड्यागणिक वाढणारे वलय असेल, तर ट्यूमरचा संशय धरून तुकडा तपासावाच लागतो. येथे स्टेरॉइडचा एक सापळा आहे. मेंदूतला लिम्फोमा हा कर्करोग स्टेरॉइडने तात्पुरता विरघळतो आणि तुकड्यात काहीच सापडत नाही. त्यामुळे लिम्फोमाची शंका असल्यास, जीव धोक्यात नसेल तोवर, आधी तुकडा आणि मग स्टेरॉइड. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक ग्लायोमात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली जाते. 2005 च्या अभ्यासात त्यामुळे मध्यम आयुर्मान 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेले. एवढ्या लहान लाभासाठीही हा उपचार जगभर स्वीकारला गेला, यावरून या आजाराची निर्दयता कळते.

लहान वलयाच्या रुग्णाचा स्कॅन काही महिन्यांनी पुन्हा करतात. विरले तर अळीच्या निदानाला पुष्टी मिळते, वाढले तर तुकडा घ्यावा लागतो. हा निर्णय दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच होतो. म्हणून पहिल्या स्कॅनची फिल्म वा सीडी घरी जपून ठेवावी, डॉक्टर बदलला तरी सोबत न्यावी, आणि वलय विरले म्हणून आकडीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मागे उरलेल्या चुन्याच्या ठिपक्यामुळेही आकडी पुन्हा येऊ शकते.