बोवा : एका डोंगरी गावाचा भाषिक इतिहास

इटलीच्या नैर्ऋत्य टोकाशी, कालाब्रिया प्रांतात, आस्प्रोमोन्ते पर्वताच्या दक्षिण उतारावर सुमारे ८०० मीटर उंचीवर बोवा हे गाव वसले आहे. आज त्याची लोकवस्ती पाचशेच्याही आत आहे. तथापि ग्रीक भाषेच्या इतिहासाविषयीच्या एका दीर्घ वादात या गावाचे नाव वारंवार येते. कारण ग्रीसपासून इतक्या दूर असलेल्या या परिसरात ‘ग्रेको’ नावाची ग्रीक बोली आजतागायत टिकून आहे.

ती टिकण्यास भूरचना पुष्कळ अंशी कारणीभूत झाली. या भागातील नद्या उन्हाळ्यात कोरड्या, दगडगोट्यांनी भरलेल्या असतात आणि पावसाळ्यात एकाएकी रौद्र रूप धारण करतात. आमेन्दोलेआ ही त्यांतील प्रमुख. तिच्या खोऱ्यातील गल्लिचानो, रोगूदी यांसारख्या मेंढपाळांच्या वाड्यांपर्यंत जाणे विसाव्या शतकातही कष्टाचे होते. बोवाची गोष्ट निराळी. ते बिशपचे पीठ होते. तेथील उपासनेचा ग्रीक विधी १५७२-७३ च्या सुमारास बंद करण्यात आला व लॅटिन विधी सुरू झाला. धर्मपीठ आणि जमीनदार जेथे होते तेथे रोमान्स बोली आधी रुजली. ग्रीक मागे हटली ती वरच्या वाड्यांकडे. समुद्रकाठची वस्ती १९०८ मध्ये ‘बोवा मरीना’ या नावाने वेगळी झाली, आणि त्यानंतर डोंगरावरील गाव ओसरतच गेले.

ही ग्रीक आली कोठून? ज्युसेप्पे मोरोसी याने १८७८ मध्ये बोवाच्या बोलीवरील आपल्या अभ्यासात ती मध्ययुगात, बायझंटाइन अमलाखाली आलेल्या वसाहतवाल्यांची असल्याचे प्रतिपादन केले. उलट जर्मन पंडित गेरहार्ड रोल्फ्स याने १९२४ मधील ग्रंथात तिचा धागा प्राचीन ‘मॅग्ना ग्रेशिया’च्या वसाहतींशी जोडला. त्याचा सर्वांत बोलका पुरावा काही साध्या शब्दांत आहे. द्राक्षे तुडवण्याच्या कुंडाला येथे ‘लानो’ म्हणतात, नदीकाठच्या जमिनीच्या पट्ट्याला ‘नासीदा’. अॅटिक ग्रीकमध्ये या शब्दांत दीर्घ ‘ए’ होता व पुढे त्याचा ‘ई’ झाला. ‘आ’ हा स्वर डोरिक बोलीचा. मध्ययुगीन ग्रीक तर अॅटिकवर आधारलेल्या सर्वसामान्य भाषेतून निघाली. तेव्हा तेथून आलेल्या लोकांच्या तोंडी ‘लिनो’, ‘निसीदा’ अशी रूपे अपेक्षित होती.

कार्लो बात्तिस्ती आदी इटालियन विद्वानांनी रोल्फ्सला कडवा विरोध केला, आणि त्यात राष्ट्राभिमानाचा वाटा मुळीच नव्हता असे म्हणवत नाही. परंतु आक्षेप सर्वस्वी पोकळही नाही. मूठभर डोरिक शब्दांवरून प्राचीन भाषेचे अवशेष उरले होते एवढे सिद्ध होते. सबंध बोली अखंड चालत आली हे त्यावरून आपोआप ठरत नाही. प्राचीन ग्रीक वस्ती पुरती नष्ट झाली नव्हती व बायझंटाइन काळात तिला नवे बळ मिळाले, हा मधला मार्ग अधिक ग्राह्य वाटतो.

शब्दांपेक्षा वाक्यरचनेचा पुरावा अधिक विचार करण्याजोगा आहे. दक्षिण कालाब्रियाच्या रोमान्स बोलीत ‘मला खायचे आहे’ या अर्थी ‘वोग्यू मू मान्जू’, म्हणजे शब्दशः ‘इच्छितो की खातो’, अशी रचना होते. इटालियन येथे तुमन्त योजते. ही बोली ते टाळते, आणि नेमकी हीच आधुनिक ग्रीकची रीत आहे. मात्र ‘शकणे’ या क्रियापदानंतर तुमन्त दोन्हींकडे शिल्लक आहे : ग्रेकोतही आणि शेजारच्या रोमान्स बोलीतही. अपवादसुद्धा जुळावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्यांनी ग्रीक सोडली त्यांनी नव्या भाषेत जुन्या भाषेचा साचा जपला. येथील लॅटिनोद्भव बोली बोलणारे पुष्कळसे लोक ग्रीकांचेच वंशज आहेत, ही गोष्ट त्यांच्या व्याकरणातच नोंदलेली आहे.

१९७१ च्या पुराने रोगूदी राहण्यास धोकादायक ठरले व तेथील लोकांना गाव सोडावे लागले. ग्रेकोचा एक बळकट आधार त्यामुळे विखुरला. इटलीच्या १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने ग्रीक भाषकांना भाषिक अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, परंतु तोवर घरात ही बोली मुलांशी बोलणारे फार थोडे उरले होते. बोवात रोल्फ्सच्या नावाचे ग्रेकोचे संग्रहालय आहे, रस्त्यांच्या पाट्यांवर ग्रीक नावे आहेत. आता बोली जाणणारे बहुतेक वृद्ध आहेत. काही तरुण ती वर्गात बसून शिकतात.